एकशे एकोणसत्तरावी गाडी

"मी देह नाही! मी केवळ प्रकाश आहे! आणि प्रकाशाला वजन नसतं!"

दगडखाणीच्या फाटकाशी, वजनकाट्याच्या लोखंडी पाट्यावर उभं राहून, दोन्ही हात आभाळाकडे करून बेल्टबाबांनी हे जाहीर केलं आणि त्याच क्षणी काट्यावरच्या मोठ्या फलकावर लाल आकडे उमटले. एकशे तीस किलो.

कुणी हसलं नाही. बाबांच्या उजव्या हातात ट्रकच्या इंजिनाचा रबरी फॅनबेल्ट होता आणि पाट्याच्या कडेला, धुळीत, एक ड्रायव्हर गुडघ्यांवर बसवलेला होता. आवाज मोठा म्हणून त्याला सगळे भोंग्या म्हणत. दोघांनी त्याचे हात पाठीमागे धरले होते. त्याचा ट्रक मागे ढकललेला, आणि त्याच्यामागे दगडांनी भरलेल्या गाड्यांची रांग धूर ओकत उभी.

"कोण आहेस तू?" बाबांनी विचारलं.

"मी भोंग्या, बाबा. आत्ताच तर सांगितलं."

फाडकन बेल्ट बसला. "तुला नाही विचारलं! तुझ्या आतल्याला विचारलं!"

"आत कुणी नाही हो. सकाळपासून नुसता चहा आहे."

पुन्हा बेल्ट. पाठीवर, मानेवर, मग तोंडावर. पाचव्या फटक्याला भोंग्याच्या तोंडातून रक्त आलं आणि रक्ताबरोबर एक दात. दात धुळीत पडलेला दिसताच बाबांनी "जाऽऽ!" अशी आरोळी ठोकली. काट्याच्या केबिनमध्ये बसलेल्या कारकुनाने डोळे मिटून कॉम्प्युटरचं बंद-चालूचं बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दोन मिनिटांनी पावतीचं यंत्र किरकिरलं, फाटकाचा दांडा वर गेला आणि रांगेतून गर्जना उठली. भूत गेलं! काटा उठला!

दात पडला म्हणून यंत्र उठलं, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. मधे कारकुनाने बटण दाबलं होतं, हे काचेतून सगळ्यांना दिसलं होतं. पण बटण काय, कुणीही दाबतं. दात पाडायला सिद्धी लागते.

त्या कारकुनाची ही गोष्ट आहे. माणूस पस्तिशीचा, स्वभावाने गरीब. इतका गरीब, की केबिनमध्ये शिरलेल्या माशीलाही तो आधी दार उघडून द्यायचा आणि मग 'चल' म्हणायचा. त्याचं काम सोपं होतं. सकाळी कॉम्प्युटर चालू करायचा, काम संपलं की बंद. भरलेली गाडी पाट्यावर आली की कॉम्प्युटरवर 'नोंद'चं बटण दाबायचं. प्रोग्राम वजन लिहून घेई, पावती छापी, फाटक उघडी. गेल्या आठवड्यात चोरीचा संशय येऊन मालकांनी पाट्याभोवती तीन कॅमेरे बसवले, पुढून, मागून आणि वरून. तेव्हापासून प्रत्येक गाडीचे तीन फोटोही निघू लागले.

आणि दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमाराला काटा मेला. पडदा गोठला, पावती नाही, फाटक बंद. पाट्यावर भोंग्याची गाडी होती. कारकुनाने प्रोग्रामवाल्या कंपनीला फोन केला. तिकडून कुणी तरी जांभई देत म्हणालं, "बंद करून चालू करा." त्याने केलं, झालं चालू. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा वाजता, पुन्हा भोंग्या. चौथ्या दिवशीही भोंग्याच. मग रांगेतल्या दोघांनी भोंग्याच्या गाडीची काच फोडली, भोंग्याच्या क्लीनरने त्यातल्या एकाचं डोकं फोडलं, आणि मुकादम म्हणाला, "हे माणसाचं काम नाही. जाणकार माणूस आणला पाहिजे." जाणकार माणूस त्याच्या बायकोचा आतेभाऊ निघाला.

बाबांनी पहिल्याच दिवशी केबिनमध्ये येऊन कॉम्प्युटर न्याहाळला, बंद-चालूचं बटण न्याहाळलं आणि कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाळ, मी 'जा' म्हणेन तेव्हाच दाबायचं. आधी दाबलंस तर बाहेर निघालेलं भूत तुझ्यात शिरेल. बेल्ट मजबूत आहे."

बाळाला बेल्टाची मजबुती काचेतून दिसतच होती.

आता मुकादमाचा यात काय फायदा, ते सांगायला हवं. या खाणीवर देवापेक्षा मोठी एक गोष्ट होती, ती म्हणजे नंबर. केबिनच्या बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटने एकशे नव्वद गाड्यांची यादी रंगवली होती. रोज गाड्या त्याच क्रमाने भरायच्या, त्याच क्रमाने काट्यावर यायच्या, एका गाडीला दिवसात एक खेप. एक दिवस गैरहजर राहिलात की नाव पुसून तळाला. त्यामुळे माणसं तापात यायची. एकाने तर स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नवरीला शेजारी बसवून गाडी काट्यावर आणली होती. दिवसाचा दगड एकशे ऐंशी गाड्यांत संपे. शेवटच्या दहा रिकाम्या परतत, आणि त्या दहातल्या शेवटच्या तीन मुकादमाच्या होत्या. भूत लागलेल्या ड्रायव्हरच्या नावावर बाबा काट मारायला लावत. एक काट म्हणजे खालच्यांना एक पायरी वर. मुकादमाची श्रद्धा अशी पायरीपायरीने वाढत होती.

भोंग्याच्या नावावर काट बसली. दुसऱ्या दिवशी काटा बंद पडणार नाही, असं सगळे समजून चालले होते. तो पडला. पाट्यावर यादीतली पुढची गाडी होती, मामा नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरची.

"भूत चलाख आहे," बाबा म्हणाले. "उडी मारलीन."

मामाचा हात मोडला. तिसऱ्या दिवशी भुताने मामाच्या खालच्यावर उडी मारली. हा शहाणा होता. बेल्ट उगारताच ओरडला, "मीच भूत आहे! कबूल! लिहून घ्या, सही करतो!"

"खरं भूत इतक्या लवकर कबूल होत नसतं," असं म्हणून बाबांनी त्याला दुप्पट बडवलं.

चौथ्या दिवशी पैलवान. नावाप्रमाणे अंगाने पैलवान असल्यामुळे त्याने बाबांचा पहिला फटका अंगावर घेतला आणि दुसरा फटका स्वतः मारला. मग सहा जण त्याच्यावर पडले. चाकाचे नट फिरवायचा पाना खांद्यात बसला, टायर काढायची लोखंडी टॉमी गुडघ्यावर बसली. गुडघ्याचा आवाज केबिनच्या बंद काचेतूनही ऐकू आला. त्याला दवाखान्यात नेणाऱ्या टेम्पोतूनच त्या सहांतले दोघंही गेले. कारकुनाने 'जा' ऐकून बटण दाबलं, मग टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात ओकला, मग पुढच्या गाडीची नोंद केली.

संध्याकाळी घरी जाताना त्याने भिंतीवरची यादी पाहिली. एकशे एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. चार नावांवर काट, एकाखाली एक. त्याखाली एकशे त्र्याहत्तर. ते त्याचे दाजी होते, थोरल्या बहिणीचा नवरा.

त्याने तिथूनच कंपनीला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडला. समोरची व्यक्ती इतकी दचकली, की तिने उद्याच माणूस पाठवायचं कबूल केलं.

पाचव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"छोट्या, आज यांच्यावरच ना?"

"त्यांना घरी ठेव, ताई."

"ऐकतात होय! म्हणे, सहा वर्षं घासून एकशे नव्वदावरून एकशे त्र्याहत्तरावर आलोय, मार खाईन पण नंबर सोडणार नाही. दोन स्वेटर चढवून गेलेत आतून. या उकाड्यात!"

"ताई, स्वेटरने काही..."

"ते मलाही कळतं रे. तू आहेस ना तिथे?"

"आहे."

"काय करतोस तू तिथे?"

"बटण दाबतो," छोट्या म्हणाला.

 ताईने फोन ठेवला.

साडेनऊला कंपनीचा माणूस आला, तो बाई निघाला. पन्नाशीच्या, स्थूल, जुन्या फटफटीवरून आलेल्या. केबिनमध्ये शिरल्या तरी हेल्मेट काढलं नाही. दारात सांडलेलं वाळकं रक्त आणि कोपऱ्यात टेकवलेल्या टॉम्या बघून म्हणाल्या, "राहू दे डोक्यावर. बरं वाटतंय."

कारकुनाने सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकच प्रश्न विचारला.

"न मारता कधी दाबून बघितलंत? बटण?"

"बाबा आल्यापासून नाही."

"का?"

"मारणं आधीच सुरू झालेलं असायचं."

 बाई खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. कारकून एकीकडे गाड्यांची नोंद करत होता, त्या दुसरीकडे पडद्याच्या कोपऱ्यात काही तरी उघडून वाचत होत्या. अर्ध्या तासाने त्यांच्या तोंडून एक शिवी निघाली. ती आईवरून नव्हती, त्यामुळे इथल्या मानाने सभ्यच.

"आज किती गाड्या झाल्या?"

"एकशे चाळीस."

"आणि फोटोंच्या किती फाइली उघड्या आहेत, माहीत आहे? चारशे वीस. सकाळपासून काढलेला प्रत्येक फोटो उघडाच. एकही बंद केलेला नाही." त्यांनी पावतीच्या पाठीवर आकडेमोड केली. "यंत्र या प्रोग्रामला एका वेळी पाचशे बारा फाइली उघडू देतं. आठ त्याच्या स्वतःच्या कामाला. राहिल्या पाचशे चार. गाडीमागे तीन फोटो. भागा."

"एकशे अडुसष्ट."

"मग एकशे एकोणसत्तराव्या गाडीला काय होणार?"

कारकुनाने काचेतून भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. तो मनातल्या मनात मोजत होता. भोंग्या एकशे एकोणसत्तरावा. त्याच्यावर काट, मग मामा एकशे एकोणसत्तरावा. मामावर काट...  "म्हणजे भूत उडी मारत नव्हतं. आम्हीच एकेकाला काढून पुढच्याला त्या जागी बसवत होतो."

"आणि बटण दाबलं की सगळ्या फाइली आपोआप मिटतात. पुन्हा शून्यापासून सुरू. त्यासाठी कुणाचा गुडघा लागत नाही."

"मग बाई, आत्ताच दाबू या! दाजींची गाडी यायच्या आत!"

"दाबा. आज दाजी वाचतील. बाबा सांगतील, चार जणांना बडवलं तेव्हा कुठे भूत कायमचं गेलं. मग परवा कुणाचा टायर फुटेल, तेरवा पंप बिघडेल. बेल्ट आहेच तयार." त्या उठल्या, खिशातून खडू काढला आणि केबिनच्या दारावर बाहेरून हातभर मोठा आकडा लिहिला. १६९. त्यांची फटफटी तिथेच दाराशी उभी होती. रांगेतल्या एकाने विचारलं, "हा कसला मंत्र?" बाई म्हणाल्या, "गणिताचा. चौथीपर्यंत शिकवतात."

आत येऊन त्यांनी कारकुनाला काय करायचं ते सांगितलं. दोनच वाक्यं होती. ती ऐकून तो म्हणाला, "मला मारून टाकतील." बाई म्हणाल्या, "टाकतीलही." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

साडेदहाला बाबा आले. रोग्याच्या आधी येऊन बसणारे वैद्य ते. मुकादमाने खुर्ची मांडली. पावणेअकराला लोकांनी टॉम्या उचलल्या. आज कुणाच्या गाडीच्या दारापाशी उभं राहायचं, हे विचारावं लागत नव्हतं. एकशे अडुसष्टावी गाडी पाट्यावरून उतरली, फाटकाबाहेर गेली आणि तिच्यामागे दाजींचा ट्रक पाट्याच्या कडेशी येऊन थांबला. वीस माणसांनी त्याला घेरलं. दाजी स्टिअरिंग धरून बसले होते. दोन स्वेटरांमुळे चेहऱ्यावरून घाम टपकत होता, आणि बाबा तो बघून म्हणाले, "पाहा! भूत वितळतंय!"

"गाडी घे पाट्यावर!" मुकादम ओरडला.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. कारकून बाहेर आला. या माणसाला बाहेर येताना कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"बाबा," तो हात जोडून म्हणाला.  "भूत रोज पाट्यावरूनच उडी मारतं. आज गाडीआधी तुम्हीच पाट्यावर उभं राहून तो मंत्राने बांधून टाका ना. वरून कॅमेराही आहे. तुमचा प्रकाश फोटोत येईल."

फोटो म्हटल्यावर बाबांनी दाढी सारखी केली. त्यांना नाही म्हणता येईना. आणि खरं तर म्हणायचंही नव्हतं. ते पाट्याच्या मधोमध गेले, बेल्ट गळ्यात घातला, डोळे मिटले. "मी सात वर्षं पाण्याच्या तळाशी उभा होतो," ते गंभीर आवाजात म्हणाले. "मासे मला विचारून पोहत. यंत्र म्हणजे काय? लोखंडाचा मासा! भुता, हिंमत असेल तर माझ्यावर ये!"

केबिनमध्ये परतलेल्या कारकुनाने 'नोंद'चं बटण दाबलं.

पडदा गोठला. पावती आली नाही. फाटकाचा दांडा हलला नाही. काट्यावर लाल आकडे तेवढे चमकत होते, एकशे तीस, आणि त्या आकड्यांखाली प्रकाश डोळे मिटून उभा होता.

"बंद पडलं!" कुणी तरी किंचाळलं. "बाबांवर आलं! बाबांच्या अंगात शिरलं!"

बाबांनी डोळे उघडले. चार दिवसांत त्यांनी या लोकांना एकच गोष्ट शिकवली होती, आणि लोक ती चांगली शिकले होते. ज्याच्यावर काटा बंद पडला, त्याला बडवायचं. यात सूट कुणाला, हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

पहिला हात मुकादमाच्याच माणसाचा होता. श्रद्धाळू माणूस होता तो. त्याने बाबांच्या गळ्यातला बेल्ट ओढला आणि त्याच बेल्टाने थोबाडावर दिला. दुसऱ्याने मागून लाथ घातली. बाबा पाट्यावर पालथे पडले, आकडा क्षणभर दीडशेवर गेला आणि मग माणसं पाट्यावर चढायला लागली तसा पाचशे, सातशे, अकराशे. मुकादम "अरे, तो माझा मेव्हणा आहे!" असं ओरडत मधे घुसला, त्याला कुणाचं तरी कोपर नाकावर बसलं आणि तो बोलण्याच्या लायकीचा राहिला नाही. टॉमी वर गेली. बाबांच्या बरगडीत काही तरी मोडल्याचा आवाज आला.

"कोण आहेस तू?" लोक विचारत होते. "बोल! कोण आहेस?"

"मी बाबा आहे रे!"

"तुला नाही विचारलं! आतल्याला विचारलं!"

"आत कुणी नाही! अरे मारू नका! बटण दाबा! त्या कारकुनाला सांगा, बटण दाब! नुसतं दाबलं की होतं चालू! आईशप्पथ, नुसतं बटण!"

टॉम्या हवेतच थांबल्या. पण सगळ्याच नाही. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते पुढे रेटतच होते. तेवढ्यात केबिनच्या बाजूने कर्कश घरघर आली. बाई फटफटीवर बसून, हेल्मेटची काच खाली करून, पूर्ण वेगाने पाट्यावर घुसल्या. माणसं दोन्ही बाजूंना उडाली. एकाच्या पायावरून चाक गेलं. बाईंनी फटफटी बाबांच्या अंगाला लावून आडवी उभी केली आणि हॉर्नवर हात ठेवला तो पुरती शांतता होईपर्यंत उचलला नाही.

"काय म्हणाले ते, सगळ्यांनी ऐकलं?" त्यांनी विचारलं. "नसेल ऐकलं तर पुन्हा म्हणतील. म्हणा हो."

"बटण दाबा," बाबा जमिनीवरून म्हणाले.

केबिनच्या काचेतून सगळ्यांना कारकून दिसत होता. त्याने बटण दाबलं. या वेळी डोळे उघडे ठेवून. दोन मिनिटं कुणी हललं नाही. मग पावतीचं यंत्र किरकिरलं आणि फाटकाचा दांडा वर गेला.

कुणीही गर्जना केली नाही.

"चार दिवसांपूर्वीही एवढंच करायचं होतं?" रांगेतून कुणी तरी विचारलं. आवाज भोंग्याचा होता; काट बसल्यापासून तो रोज नुसता बघायला यायचा. दात गेल्यामुळे आवाज लहान झाला होता.

"एवढंच." बाईंनी हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. "आणि दारावर एकशे एकोणसत्तर मी तासाभरापूर्वी लिहिलंय, ते बघा. तुमच्या वर्कशॉपात पाना घ्यायचा तर काय करता?"

"बिल्ला देतो स्टोअरकीपरला."

"पाना परत दिला की बिल्ला परत. समजा, स्टोअरकीपरकडे पाचशे चार पाने आहेत. आणि एक नालायक मेकॅनिक प्रत्येक गाडीला तीन पाने घेतो आणि एकही परत देत नाही. एकशे अडुसष्ट गाड्या होतात. त्याच्या पुढच्या गाडीला स्टोअरकीपर म्हणतो, पाना नाही. शहाणा मेकॅनिक म्हणेल, थांबा, आधीचे आणून देतो. हा मेकॅनिक तिथेच आडवा पडतो. बस्स. फोटोंच्या फाइली म्हणजे ते पाने. गाडी भोंग्याची असो, मामाची असो, की प्रकाशाची. एकशे एकोणसत्तरावी असली की झालं."

"आणि तो नालायक मेकॅनिक कोण?" मुकादमाचा माणूस पुढे आला. त्याच्या हातात अजून टॉमी होती आणि टॉमीवर बाबांचे केस होते.

 बाईंना उत्तर टाळता आलं असतं.

"मी," त्या म्हणाल्या. "प्रोग्राम मी लिहिला. फोटो बंद करायची एक ओळ लिहायची राहिली. तुमचे दात, हात, गुडघे, त्याची सुरुवात माझ्या चुकीपासून आहे. मारलंत मात्र तुम्ही."

मुकादमाच्या माणसाला एवढंच हवं होतं. चार दिवस मारलेली माणसं निर्दोष निघाल्यावर हाताला अखेर खरा दोषी लागणार होता. त्याने टॉमी उगारली. ती खाली आली तेव्हा मधे कारकून होता. केबिनमधून कधी धावत आला, कुणी पाहिलं नाही. टॉमी त्याच्या मनगटावर बसली, तो जागच्या जागी बसला, आणि बसल्या बसल्या ओरडला, "मार! मार अजून! मग काय, प्रोग्राम आपोआप लिहिला जाईल? चार दिवस मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो! मला मार! पैलवानाचा गुडघा तुटला तेव्हा माझं बोट बटणावर होतं!"

टॉमी पुन्हा वर गेली, पण ती धरणाऱ्याच्या पाठीमागून दोन स्वेटर घातलेला एक माणूस आला आणि त्याने ती काढून घेतली. दाजींना घामाने धड दिसतही नव्हतं.

"बस कर," ते म्हणाले. "उकडतंय."

बाबांना आणि मुकादमाला एका रिकाम्या टेम्पोत घातलं. टेम्पो दवाखान्याकडे गेला. काटलेल्या चार नावांकडे बघून भोंग्या म्हणाला, "रंग कोण देणार?" आणि तिघे-चौघे ब्रश शोधायला गेले. बाईंनी कारकुनाचं मनगट फडक्याने बांधलं, मग पाट्यावर उभ्या राहून, आवाज न चढवता सगळ्यांना म्हणाल्या :

"ओळ मी आत्ता घालते, दहा मिनिटांचं काम आहे. पण उद्या दुसरं काही तरी बंद पडेल. पंप, क्रशर, माणसाचं डोकं, काहीही. तेव्हा आधी मोजा. कधी बंद पडलं, कितव्यांदा, त्याच्या आदल्या दिवशी नवीन काय बसवलं होतं. मोजता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. आणि कुणी सांगितलं की या माणसामुळे झालं, तर त्याला सांगा, या माणसाला बाजूला बसवून, चहा देऊन, एकदा न मारता बटण दाबून बघू. तेवढी परीक्षा जो द्यायला तयार नाही, त्याचा प्रकाश खोटा. यंत्राला भूत लागत नाही. चूक लागते. चूक माणसाची असते, म्हणून ती माणसाला सापडते. सापडेपर्यंत हात खाली ठेवायचा. एवढंच शिकायचं आहे आपल्याला सगळ्यांना, मलाही."

 वाऱ्याने दगडाची धूळ उठत होती. काही माणसं स्वतःच्या हातांकडे बघत होती.

मागे ट्रकचा हॉर्न वाजला, एकदाच, हळू. दाजी पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसले होते आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "तेवढी फटफटी काढता का पाट्यावरून? माझा नंबर आहे."